मृतासाठी बांधलेले घर

इसवी सनापूर्वी २४६ व्या वर्षी चीनमधील छिन राज्याच्या गादीवर तेरा वर्षांचा एक राजपुत्र बसला, आणि ज्या वयात मृत्यू हा केवळ इतरांच्या वाट्याला येणारा प्रकार आहे असे मुलांना वाटत असते त्या वयात, ली पर्वताच्या पायथ्याशी त्याच्या स्वतःच्या कबरीचे खोदकाम सुरू झाले. पुढे इ. स. पू. २२१ मध्ये उरलेली सहा राज्ये जिंकून त्याने सगळा चीन एका छत्राखाली आणला, स्वतःस छिन वंशाचा पहिला सम्राट, छिन शी ह्वांग, हे अभिधान घेतले, आणि आपल्यामागून येणाऱ्यांनी दुसरा, तिसरा अशा अनुक्रमानेच ओळखले जावे व हा अनुक्रम दहा हजार पिढ्यांपर्यंत अखंड चालावा, असे फर्मान काढले. अमरत्वाची वनस्पती आणण्यासाठी त्याने पूर्वसमुद्रात माणसे धाडली, वैदू आणि किमयागार पदरी बाळगले, आणि इ. स. पू. २१० मध्ये साम्राज्याच्या दौऱ्यावर असताना तो वारला तेव्हा कबरीचे काम अद्याप पुरे झालेले नव्हते.

या मनुष्याला वेडा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु ज्याने लिपी, वजने-मापे आणि गाड्यांच्या चाकांमधील अंतरसुद्धा साऱ्या देशात एकसारखे करून सोडले, तो पुरुष विचारशून्य नव्हता. त्याच्या कबरीमागे एक प्रश्न आहे, आणि तो धर्माचा प्रश्न आहे: देहान्तानंतर जे काही व्हायचे असेल त्याची तजवीज मनुष्याला जिवंतपणी, द्रव्याच्या आणि स्थापत्याच्या बळावर, करून ठेवता येते काय? हा प्रश्न मी पेण-रोह्याच्या बाजूने विचारीत आहे, कारण ज्या दोन द्रव्यांशी त्या सम्राटाचे कारागीर झुंजले, त्या माती आणि पाण्याशी या दोन तालुक्यांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या जो व्यवहार करीत आली तो त्याच्या व्यवहाराहून मुळातच भिन्न आहे, आणि त्या भिन्नतेत एक उत्तर दडलेले आहे असे मला वाटते.

प्रथम ते स्थापत्य नीट पाहिले पाहिजे. त्याचा अनादर करून विचार पुढे नेता येणार नाही. सम्राटानंतर सुमारे शंभर वर्षांनी इतिहास लिहिणारा सिमा छ्येन सांगतो की, या कामावर सात लक्ष माणसे लावली होती, आणि खोदकाम भूमीतील तीन झऱ्यांच्या थरांखाली गेले होते. वर जो डोंगरासारखा ढीग दिसतो तो नुसता मातीचा ढीग नाही. मातीचे पातळ थर अंथरायचे, प्रत्येक थर धुमसाने ठोकून दगडासारखा घट्ट करायचा, मग त्यावर दुसरा थर, या रीतीने तो उभा केला आहे, आणि त्याच पद्धतीच्या दोन तटांनी तो वेढलेला आहे. बाहेरच्या तटाचा घेर सहा किलोमीटरांहून अधिक भरतो. परंतु खरा शत्रू पाणी होता. दक्षिणेकडील पर्वतावरून पावसाळ्यात लोटणारा ओघ कबरीवर येऊ नये म्हणून त्याच्या वाटेत बांध घालून तो वळविला, आणि भूमिगत पाणी आतल्या दालनात पाझरू नये म्हणून खड्ड्याच्या कडेने खोल चर खणून त्यात चिवट माती ठासून भरली. दोन हजार दोनशे वर्षांनंतर, यंत्रांनी भूमीच्या आतील रचनेचा तपास करणाऱ्या संशोधकांना ही तजवीज बऱ्याच अंशी अजून शाबूत असल्याचे आढळले आहे.

आत काय आहे हे कोणी पाहिलेले नाही, कारण ती कबर अद्याप उघडलेली नाही. सिमा छ्येनचे वर्णन असे की, छतावर आकाशातील नक्षत्रे आणि तळावर साम्राज्याचा भूगोल रचला आहे. देशातील मोठ्या नद्या आणि समुद्र पाऱ्याचे केले आहेत आणि तो पारा यंत्राने खेळता ठेवण्याची योजना आहे. दीर्घकाळ जळणाऱ्या तेलाचे दिवे लावले आहेत. आणि कोणी जवळ आल्यास आपोआप बाण सुटावेत अशी धनुष्ये दारांवर रोखली आहेत. हे वर्णन पुष्कळ काळ काव्यमय अतिशयोक्ती म्हणून गणले गेले. पण १९८० नंतर त्या टेकडीवरील मातीची तपासणी झाली तेव्हा तीत पाऱ्याचे प्रमाण भोवतालच्या जमिनीपेक्षा पुष्कळच अधिक निघाले. वर्णनाचा शेवट मात्र मन सुन्न करणारा आहे. ज्या राण्यांना पुत्र नव्हते त्यांना राजाबरोबर मरणाची आज्ञा झाली. आणि धनाची ठेव झाल्यावर, ज्या कारागिरांनी यंत्रे बसविली होती त्यांना आतली वाट ठाऊक आहे म्हणून, ते आत असतानाच मधले दार लावून बाहेरचे दार खाली सोडण्यात आले. मग वर झाडे आणि गवत लावले, जेणेकरून तो एक साधा डोंगर दिसावा.

१९७४ च्या मार्च महिन्यात, दुष्काळात विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना या टेकडीच्या पूर्वेस दीड किलोमीटरवर मातीचे तुकडे लागले, आणि तेथून ते सैन्य उजेडात आले, ज्याची कीर्ती आता सर्वश्रुत आहे. सुमारे आठ हजार सैनिक, शंभरावर रथ, शेकडो घोडे. पाय भरीव, धड पोकळ, मातीच्या वळ्या एकावर एक रचून वळलेले. मस्तक साच्यातून काढलेले, पण त्यावर ओल्या मातीने नाक, मिशी, भुवई अशी बसविलेली की एक चेहरा दुसऱ्यासारखा नाही. हे सर्व भट्टीत सुमारे हजार अंशांच्या उष्णतेत भाजले, त्यावर लाखेसारख्या रोगणाचा हात दिला आणि मग रंगविले. कित्येक पुतळ्यांवर मुकादमाचे नाव उमटविलेले आहे, ते गौरवासाठी नाही. काम सदोष निघाल्यास कोणाला जाब विचारायचा हे सरकारदरबारी कळावे म्हणून आहे. आणि त्यांच्या हातांतली हत्यारे मातीची नाहीत; ती खरी, काशाची, धार लावलेली आहेत.

या शेवटच्या गोष्टीपाशी मला थांबावेसे वाटते, कारण चिनी धर्मविचाराचे आणि या सम्राटाचे अंतर नेमके येथे पडते. मृताशी जिवंतासारखेच वागावे, ही त्या देशाची जुनी शिकवण. पण ज्यांनी ती शिकवण विचाराने मांडली त्यांनी तिला एक सूक्ष्म मर्यादाही घातली होती. मृताबरोबर ठेवायच्या वस्तू या दीपशिखेसारख्या निर्देशमात्र असाव्यात, त्या उपयोगाच्या नसाव्यात: वाद्य ठेवावे पण त्याच्या तारा जुळलेल्या नसाव्यात, भांडे ठेवावे पण ते पाणी धरणारे नसावे. श्युन-त्झू या आचार्याने अंत्यविधींचे मर्म असेच सांगितले की, ते मृताच्या गरजेसाठी नसून जिवंतांच्या शोकाला आकार देण्यासाठी आहेत. कन्फ्युशियसने कबरीत मनुष्याकृती बाहुल्या ठेवणाऱ्यांचा निषेध केल्याचे मेन्शियस नोंदवितो. मो-त्झूने राजेरजवाड्यांच्या खर्चिक दफनांनी प्रजा नागवली जाते म्हणून त्यावर सरळ हल्ला चढविला. आणि च्वांग-त्झूने तर मरतेसमयी शिष्यांनी मोठ्या दफनाचा बेत केला तेव्हा, आकाश-पृथ्वी हीच आपली शवपेटी आहे, असे सांगून तो बेत हाणून पाडला, अशी कथा आहे. पहिल्या सम्राटानंतर अर्धशतकाने, इ. स. पू. १५७ मध्ये, वारलेल्या हान वंशाच्या वन सम्राटाने तर आपल्या कबरीत सोने, रुपे, तांबे काही ठेवू नये, केवळ मातीची भांडी ठेवावीत आणि वर टेकडी उभारू नये, अशी आज्ञा करून ठेवली होती. तेव्हा चीन म्हणजे कबरी आणि भारत म्हणजे वैराग्य, असा जो ढोबळ निकाल आपल्याकडे कधीकधी ऐकू येतो तो मला मान्य नाही. छिन शी ह्वांगचा दोष चिनी नव्हता. खूण म्हणून जे ठेवायचे ते त्याने साधन म्हणून ठेवले. विधीची त्याने व्यवस्था केली, जणू पलीकडच्या मुलुखात छावणी पडायची आहे आणि रसद आधी रवाना केली पाहिजे.

आता रोह्यास यावे. कुंडलिकेच्या काठी, आणि पेणेस भोगावतीच्या काठी, दहाव्या दिवशी जो विधी होतो त्यात जातिपरत्वे आणि घराण्यापरत्वे पुष्कळ फरक असला, तरी त्याचे मुख्य द्रव्य म्हणजे शिजवलेल्या भाताचा एक गोळा आहे. कावळ्याने तो शिवावा म्हणून माणसे वाट पाहतात. तो न शिवल्यास मृताच्या मनात काय राहिले असेल याचा विचार करून कोणी पुढे येतो, मुलाच्या शिक्षणाचा किंवा बहिणीच्या लग्नाचा भार उचलीन असे वचन देतो. आणि तरीही कावळा न आल्यास दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववितात. या विधीत त्याच्या विफलतेचीसुद्धा सोय केलेली आहे. कोणालाही असे वाटत नाही की तो भात बापाच्या मुखात जातो. आणि तरी तो भात शिजविणाऱ्याचा हात कापत असतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना विधीचे सत्य कोठे असते हे वेगळे सांगावे लागत नाही. मृताची राहिलेली इच्छा जिवंत माणसाच्या शब्दात उतरते, आणि तो शब्द पाळायला पुढची वर्षे लागतात. तजवीज झाली ती इहलोकीची.

आणि यानंतर जो सपिंडीकरणाचा विधी आहे, त्यातील हिशेब त्या दहा हजार पिढ्यांच्या फर्मानाशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. नुकत्याच गेलेल्याच्या पिंडाचे तीन भाग करून ते त्याच्या बाप, आजा आणि पणजा यांच्या पिंडांत मिसळतात. तो पितरांच्या पंक्तीत बसतो, आणि तो बसला की पंक्तीतील सर्वांत जुना पुरुष उठतो. पिंडाचे धनी तिघेच. त्यापलीकडच्या तीन पिढ्या लेपभाज, म्हणजे पिंड देताना हाताला जो अंश चिकटून राहतो तेवढ्याच्या अधिकारी. आणि त्यांच्याही पलीकडे नाव नाही. आपल्यातील कोणाही माणसाला सहाव्या पुरुषापलीकडे घरात जागा नाही, हे धर्मशास्त्राने किती शांतपणे मांडून ठेवले आहे! छिन शी ह्वांगला नेमके हेच सोसवले नाही. त्याला पंक्तीतून उठायचे नव्हते. आपण पहिले आणि बाकीचे सर्व आपल्यापासून मोजले जाणारे, ही त्याची आकांक्षा होती, आणि तो मेल्यावर चार वर्षांच्या आत त्याचा वंश, तिसऱ्या पुरुषापाशी, बुडाला.

येथे कोणी म्हणेल की हा दहन आणि दफन यांतील भेद आहे. तसे मला वाटत नाही. याच जिल्ह्यात मुसलमान बांधव आपल्या मृतांना साध्या कफनात मातीस देतात, आणि पेणकर, रोहेकर ही ज्यांची आडनावे आपल्याच गावांवरून पडली ते बेने इस्राएल लोकही मृताला भूमीतच ठेवीत आले. त्या दफनात आणि कुंडलिकेतील अस्थिविसर्जनात मला तत्त्वतः विरोध दिसत नाही. दोन्हीकडे देह पंचमहाभूतांच्या हवाली केला जातो, आणि त्यांनी त्याचे काय करायचे ते करावे, अशी मोकळीक दिली जाते. कबर बांधणाराने ही मोकळीक नाकारली.

रोह्याहून दक्षिणेकडे उतरत गेले की मांदाडच्या खाडीजवळ कुड्याची लेणी लागतात. सव्वीस लेणी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली, त्यांतली काही चैत्यगृहे. खाली खाडीचे पाणी, समोर हिरवे डोंगर. तेथील शिलालेखांत मांदाडच्या महाभोजांची नावे आहेत, पण दाते केवळ सत्ताधारी नाहीत: एका लेखनिकाच्या धाकट्या भावाने लेणे दिले आहे, त्याच्या बायकोने आणि कुटुंबातल्यांनी त्यातले इतर काम दिले आहे, दुसरीकडे वैद्य आहे, व्यापारी आहे, माळी आहे. चैत्यगृहात जो स्तूप आहे तो मुळात थडग्याचाच आकार, मातीचा गोल उंचवटा, ज्याच्या पोटात बुद्धाचे किंवा थोर भिक्षूंचे अवशेष ठेवीत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उघडला तेव्हा त्याच्या गर्भात दगडी पेटीतून एकात एक ठेवलेले करंडक आणि भिक्षापात्राचे तुकडे निघाले होते. पण कुड्याचा स्तूप अखंड खडकातून कोरलेला आहे; तो आतून भरीव आहे; त्याला गर्भ नाही, दार नाही, पेटी नाही. थडग्याचा आकार राहिला आणि थडगे उरले नाही. ज्याच्यावर दरोडा घालता येईल, ज्याला कुलूप लावावे लागेल, असे त्याच्या आत काहीच नसल्यामुळे दोन हजार वर्षांत त्याच्या रक्षणासाठी कोणाला धनुष्य रोखावे लागले नाही. भोवतीच्या खोल्यांत भिक्षू पावसाळा काढीत, या आकाराला प्रदक्षिणा घालीत, आणि सर्व संस्कार अनित्य आहेत हा बोध त्यांना पाठ करायचा असे. मला हा स्तूप मनुष्याच्या बुद्धीच्या अत्यंत निर्मळ कृतींपैकी एक वाटतो.

हाच स्तूप पुढे व्यापाऱ्यांच्या आणि भिक्षूंच्या वाटेने चीनमध्ये गेला, तेथे मजल्यामजल्यांचा उंच पॅगोडा झाला, आणि त्याच्याबरोबर संस्कृत मंत्रही गेले. त्या प्रवासाचा एक शेवट असा आहे की तो वाचताना अंतःकरण जड होते. मांचू वंशाचा छ्येनलुंग सम्राट १७९९ साली वारला; बौद्ध धर्मावर त्याची निष्ठा होती. पेकिंगच्या पूर्वेस असलेल्या त्याच्या युलिंग नामक कबरीच्या भूमिगत महालात भिंती आणि छते यांवर सर्वत्र बोधिसत्त्व, दिक्पाल, कमळे कोरली आहेत, आणि त्यांच्यामधून तिबेटी लिपीतील सुमारे तीस हजार अक्षरे व संस्कृतची शेकडो अक्षरे, मंत्र आणि धारणी, दगडावर उतरविली आहेत. आपली भाषा तेथे आहे. आणि ती अंधारात, दगडी दारांमागे, कोणी वाचू नये अशा ठिकाणी आहे. अनित्यतेची शिकवण नित्यतेच्या तटबंदीसाठी कामाला लावली गेली. १९२८ साली सुन त्येन-यिंग या सेनानीच्या शिपायांनी सुरुंग लावून ती दारे फोडली, रत्ने लुटली, आणि मागाहून पाहणीस गेलेल्यांना आत पाणी साचलेले आणि सम्राटाची व राण्यांची हाडे त्या चिखलात एकत्र मिसळलेली आढळली.

दारांचीही एक कथा आहे. मिंग वंशाच्या वानली सम्राटाच्या कबरीत, जी १९५६ ते १९५८ या वर्षांत उघडण्यात आली, संगमरवरी दारांच्या मागे एक लांब शिळा अशी कलती ठेवलेली होती की, शेवटचा माणूस बाहेर पडून दार ओढू लागला म्हणजे ती आतून हळूहळू घसरत येई आणि दार मिटताच खाचेत बसून कायमची अडसर होई. येथे कारागिरांना आत कोंडण्याचे प्रयोजन उरले नाही. स्थापत्य तेवढे सुधारले होते, आणि दयाळूही झाले होते असे म्हणता येईल. पण त्या शिळेचा हेतू तोच राहिला: येथे यापुढे कोणा जिवंत माणसाचा हात लागू नये. सत्तावीस मीटर खोल असलेल्या त्या दालनांतून वर आणलेली रेशमी वस्त्रे हवा लागताच निस्तेज होऊन विरत गेली, आणि १९६६ च्या सांस्कृतिक क्रांतीत तरुणांच्या टोळ्यांनी सम्राटाची आणि त्याच्या दोन राण्यांची हाडे बाहेर काढून जाळली.

छ्येनलुंगच्या भिंतींचा विचार करताना मला पेण तालुक्यातल्या गागोद्याचे स्मरण होते. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेथे विनोबा भावे जन्मले. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला, आता देहाचे काम झाले असे जाणून, त्यांनी अन्न आणि औषध घेणे थांबविले, आणि १५ तारखेस देह ठेवला. त्याआधी दोन वर्षे, १९८० साली, त्यांच्याच हस्ते वर्ध्यास गीताई मंदिर खुले झाले होते. तेथे ‘गीताई’चे अठराही अध्याय शिळांवर कोरून त्या शिळा उभ्या केल्या आहेत, आणि त्या मंदिरास छप्पर नाही, मूर्ती नाही, दार नाही. ऊन पडते, पाऊस पडतो. ज्याला वाचता येते तो चालता चालता वाचतो. दोन्हीकडे दगडच, दोन्हीकडे पवित्र अक्षरेच. एके ठिकाणी अक्षरांनी मृताचे रक्षण करायचे होते, दुसऱ्या ठिकाणी अक्षरे जिवंतांच्या स्वाधीन केली आहेत.

पण मातीविषयी बोलायचे तर पेण शहरातच बोलले पाहिजे. पेणेत आणि भोवतालच्या हमरापूर, जोहे, कळवे या गावांत गणपतीच्या कारखान्यांतून वर्षभर मूर्ती घडतात. शाडूची माती भिजवून मळायची, साच्यात दाबायची, साच्यातून काढून सांधे अंगठ्याने बुजवायचे, सावलीत वाळवायची, रंग द्यायचा, आणि अखेरीस ज्याचा हात सर्वांत स्थिर त्याने डोळ्यांची आखणी करायची. छिनच्या शिल्पशाळेतील कृती याहून फार निराळी नव्हती. साचा तोच, ओल्या मातीचे हातकाम तेच. भेद एकच आहे, आणि तो भट्टीचा आहे. माती सुमारे सहाशे अंशांच्या पुढे तापविली की तिच्या कणांत रासायनिक रीतीने बांधलेले पाणी कायमचे निघून जाते. त्यानंतर ती फुटेल, तिचा चुरा होईल, पण ती पुन्हा माती होणार नाही. शाडूची मूर्ती केवळ वाळविलेली असते, आणि म्हणून ती पाण्यात बसविली की काही तासांत आली तशी परत जाते. सम्राटाच्या शिपायांना परतीची वाट ठेवलेली नव्हती.

शिवाय आपल्या विधीत एक गोष्ट आहे जिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. प्राणप्रतिष्ठा करून ज्या मातीत देवाला बोलाविले, तीतून त्याला पाठवणी देण्यासाठी उत्तरपूजा असते. अक्षता वाहून, पुन्हा येण्याची विनंती करून मूर्ती जागची किंचित हलवितात, आणि देव निघाला असे मानतात. दीड दिवसाचा असो की दहा दिवसांचा, पाण्यात जाते ती नुसती माती. येताना त्या रिकाम्या पाटावर नदीतील थोडी वाळू घरी आणतात. निरोप आधी, विसर्जन नंतर: या क्रमात जो विवेक आहे तो, देहाची आणि त्यात वसलेल्याची गल्लत करून लाखो माणसांचे श्रम पुरून टाकणाऱ्या सम्राटाला लाभता तर काय झाले असते, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

आणि पेणच्या खारेपाटात मातीचे दुसरेही काम आहे, जे मला त्या टेकडीच्या तुलनेस अधिकच योग्य वाटते, कारण तेथेही पाण्याला थोपवायचे असते. खाडीच्या भरतीपासून भातशेती राखण्यासाठी घातलेले मातीचे लांबच लांब बांध, त्यांत पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडणाऱ्या आणि भरतीला बंद होणाऱ्या उघाड्या, हे या किनाऱ्यावरचे पुरातन स्थापत्य आहे. आंग्र्यांच्या आणि पेशव्यांच्या अमदानीत शिलोत्री पद्धतीने ते चाले: ज्याने बाहेरचा बांध घालून जमीन समुद्राकडून सोडवून घेतली त्या शिलोत्रीदाराला कुळांनी सरकारसाऱ्याखेरीज बिघ्यामागे ठरावीक भात द्यायचा, आणि त्याने बांध दुरुस्त ठेवायचा. मोईन अशी की, ज्या वर्षी दुरुस्ती नाही त्या वर्षी बांध नाही. उधाणाला एक खांड पडली तर एका रात्रीत शेत खारे होते, आणि ते पुन्हा गोडे व्हायला काही पावसाळे जावे लागतात. म्हणून बांधाची माती कधी जुनी झालीच नाही. ती दरसाल नवी लागत गेली. आज जो बांध उभा आहे त्यात मूळ बांधणाराच्या हातची माती किती उरली असेल कोण जाणे, पण बांध तोच आहे असे गाव मानते, आणि ते मानणे खरे आहे. ली पर्वतापाशी एकदाच, परमावधीच्या कौशल्याने, पुन्हा कोणाला यावे लागू नये असे बांधले. येथे पुन्हा यावेच लागेल असे बांधले. टिकणे म्हणजे काय, या प्रश्नाची ही दोन उत्तरे आहेत, आणि मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे.

परंतु ही बाजू घेताना तिच्यातील धोका लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. जे जिवंतांच्या हातावर सोपविले ते हात आखडले की जाते. १९४८ च्या कायद्यापासून खारभूमीचे काम सरकारने अंगावर घेतले, शिलोत्री मोडली, आणि आता उधाणात बांध फुटला की शेतकरी अर्ज घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढतो, तोवर दुसरे उधाण येते. कित्येक शेते खारफुटीखाली गेली आहेत. गणपतीच्या कारखान्यांतही प्लास्टर ऑफ पॅरिस आले. ते हलके, स्वस्त, पटकन घट्ट होणारे. साच्यातून झपाट्याने निघते आणि दूरच्या बाजारी न फुटता पोहोचते. पण ते पाण्यात विरत नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वाळूत पडलेले हात आणि सोंडा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी छिनच्या भट्टीतले न परतणारे शिपाईच पाहिले आहेत. उत्तरपूजा झाली, देव गेला, आणि माती जाण्याचे नाकारते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली या मूर्तींवर बंदी घालणारी मार्गदर्शक सूत्रे काढली, त्यावर वाद झाले, न्यायालयांत गेले. ज्या हजारो कुटुंबांची चूल या धंद्यावर पेटते त्यांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे, आणि पाण्याचाही खरा आहे. तरी धर्माच्या दृष्टीने निवाडा मला कठीण वाटत नाही. जी मूर्ती परत जाऊ शकत नाही तिचे विसर्जन होतच नाही. तिला आपण फक्त टाकून देतो. शाडू महाग पडतो, जड असतो, वाटेत तडकतो, आणि त्याला वाळायला उन्हाची नव्हे, सावलीची आणि दिवसांची गरज असते. ही सगळी गैरसोय सोसून जो कारागीर अजून शाडूत हात घालतो त्याच्या मूर्तीला चार पैसे अधिक मोजणे हे गिऱ्हाइकाचे धर्मकृत्यच आहे.

ली पर्वताची ती कबर चिनी संशोधकांनी उघडायची नाही असे तूर्त ठरविले आहे. मातीच्या शिपायांवरील रोगण कोरडी हवा लागताच काही मिनिटांत वळून गळून पडते, हे त्यांनी १९७४ नंतर डोळ्यांनी पाहिले. आतल्या वस्तूंचे तसे होऊ नये एवढी विद्या हाती येईपर्यंत थांबावे, हा त्यांचा विचार. तो मला योग्य वाटतो. बाणांनी, पाऱ्याने आणि कोंडून मारलेल्या कारागिरांनी जी राखायची होती, ती कबर आज त्या टेकडीवरची माती तपासणाऱ्या, पाण्याची पातळी मोजणाऱ्या, दरसाल पुन्हा तेथे जाणाऱ्या माणसांच्या हाती आहे, आणि त्यांची नावे सम्राटाच्या फर्मानात कोठेही नव्हती.